गिरणी, मी आणि एक विशेषण

आष्टी, एप्रिल १९७३

तीर्थस्वरूप सौ. वच्छलाअक्का यांच्या चरणी धाकट्या मोहनचा नमस्कार.

नांदूरघाटास आपल्या विहिरीला अद्याप पाणी आहे हे ऐकून समाधान वाटले. दाजींचा खोकला उतरला असेल, अशी आशा आहे. माझी प्रकृती ठीक आहे. आपण पाठविलेल्या स्थळाने नकार दिल्यापासून तर विशेष ठीक आहे.

विमलला जाऊन वर्ष होते न होते तोच आपण माझ्या दुसऱ्या लग्नाचा घाट घातलात. आपल्याला 'नाही' म्हणण्याचे धैर्य मला लहानपणापासून नाही, म्हणून माजलगावच्या मंडळींना येऊ दिले. वधू शिवकन्याबाई (त्याही विधवा, प्राथमिक शाळेत शिक्षिका) आणि त्यांचे चुलते सुग्रीवराव, असे दोघे आले. चहा (गुळाचा, कारण साखर मिळत नाही) झाल्यावर सुग्रीवरावांनी विचारले, "सध्या काय करताव?"

आता, दुष्काळात करडई न आल्याने आमची सहकारी तेलगिरणी बंद, आणि तिचा व्यवस्थापक या नात्याने मीही बसून. परंतु हे सांगावे कसे? 'रिकामा' हा शब्द घागरीला शोभतो. 'आळशी' म्हटले तर चारित्र्यास डाग. 'निष्क्रिय' म्हटले तर पाहुणे आधी नाडी पाहतील. म्हणून गिरणीच्या इंग्रजी अहवालात जे विशेषण मी दरमहा वापरतो तेच योजिले: "गिरणी आयडल आहे, आणि मीही."

सुग्रीवरावांचा चेहरा खुलला. "वा! लई बेस! आमाला आयडियलच मानूस पायजे व्हता!" असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि थेट तिथीची भाषा सुरू केली. (एखाद्याच्या बेकारीने कोणी इतके हर्षित झालेले मी पाहिले नव्हते.) भिंतीवरील विमलच्या तसबिरीकडे पाहण्याचे मला धाडस होईना. तेवढ्यात शिवकन्याबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, ते आदर्श म्हणत नाहीत. बसून आहेत म्हणतात."

"मग कावून सांगितलं न्हाई सरळ?"

मी सविस्तर खुलासा केला. आयडल म्हणजे आळशी नव्हे. यंत्र शाबूत, तेलपाणी केलेले, पट्टा चढविलेला, केवळ कच्च्या मालाअभावी उभे. (मूर्तीलाही इंग्रजीत जवळजवळ हाच उच्चार आहे, मात्र स्पेलिंग निराळे, हेही सांगितले. सांगावयास नको होते.)

"मूर्ती बी बसूनच ऱ्हाती," सुग्रीवराव म्हणाले, "पन ती नवसाला तरी पावती!"

यावर शिवकन्याबाईंना हसू आवरेना. आणि अक्का, लिहिण्यास संकोच वाटतो, मलाही. विमल गेल्यापासून या घरात कोणी हसले नव्हते. दचकून मी तसबिरीकडे पाहिले. तिचा काही आक्षेप दिसला नाही.

परवा त्यांचा नकार आला. छातीवरचा धोंडा उतरला. एक भाकरी अधिक खाल्ली. यापुढे माझ्यासाठी स्थळ पाहू नये, ही हात जोडून विनंती.

आपला आज्ञाधारक,
मोहन

ता. क. नकार सुग्रीवरावांनी कळविला आहे. शिवकन्याबाईंचाही तोच विचार आहे का, हे आपण स्वतः माजलगावला जाऊन त्यांनाच विचारावे. सुटका पक्की झाल्याची खात्री असावी, एवढाच हेतू.

पुन्हा ता. क. घाई मुळीच नाही. उत्तर उलटटपाली कळवावे.