होटगीच्या वळणावरचा टिळा

सोलापूर,
२ जानेवारी २०२६

ती. आक्कास,

धाकट्या सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे. तुझं आणि दाजींचं कळव. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं दाजी मधेच सांगतात, तेही स्वतःच्या मनचं. त्यापेक्षा आपलं पत्र बरं.

काल आमच्या पहाटपाऊल मंडळाची नव्या वर्षाची बैठक झाली. आम्ही सगळे हौशी धावणारे, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, मी कॉलेजच्या ऑफिसातली. रिवाज असा की एकेकानं उभं राहून वर्षाचं ठरवलेलं सांगायचं. कुणी पोट कमी करणार होतं, कुणी तंबाखू सोडणार होतं. मी म्हटलं, रथसप्तमीच्या दौडीत एकवीस किलोमीटर पळणार. तर अध्यक्ष महिपती सर हसून म्हणाले की मॅडम, पाचचं ठेवा, हौसही भागेल आणि तब्येतही राहील. हौस म्हणे! वर्षभर थंडीवाऱ्यात पहाटे उठून पळते ती काय गंमत म्हणून? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथंच फॉर्मवर एकवीस लिहिलं आणि त्यांच्या हातात दिलं.

दौड आसरा चौकातून निघते, होटगीला वळते आणि परत येते. गेल्या वर्षी वळणावर मनगटात रबर घालत होते. काही महाभागांनी मधूनच माघारी फिरून दुसऱ्याचं रबर घातलं आणि पदकं उचलली. म्हणून यंदा सरांनी डोकं लढवलं. संक्रांतीचे दिवस आहेत, तेव्हा वळणावर बायकांना हळदीकुंकू आणि पुरुषांना अष्टगंध. कपाळावर टिळा असेल तोच वळला. टिळा काही एकमेकांना देता येत नाही, असं ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

टिळा लावायला होटगीच्या बचत गटाच्या बायका आहेत. त्यांच्या पुढारी कोण माहीत आहे? आमच्या अंबुबाई वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण. हे गेल्यापासून त्यांच्याकडे माझं जाणंयेणं कमी झालंय, पण संक्रांतीला त्यांचा तिळगूळ अजून चुकत नाही. वळणावर आपलं माणूस असणार, याचा मला धीर आहे.

आता तुझं सांग. तूही यंदा पळणार म्हणाली होतीस. दाजींना सांगून ठेव की हसायचं काम नाही.

माया आहे तशीच राहू दे, आणखी पातळ करू नको.

तुझी,
सुकन्या

---

वैराग,
११ जानेवारी २०२६

चि. सुकन्या हिस,

आक्काचा पोटभर आशीर्वाद.

तुजं पत्र मिळालं. ह्ये मोठ्यानं वाचून दावतो म्हणत हुते. मी हातातनं वढून घेतलं. माझं कान गेल्यात, डोळं न्हाय.

तू एकवीस म्हणलीस, मग मी काय मागं ऱ्हाते व्हय? मी ठरवलं, घरापास्नं बाजार समितीच्या फाटकापतुर न थांबता पळायचं. पातळ खोचलं, ह्यांचं कॅनव्हासचं बूट घातलं, फुडं कापूस कोंबला आन् निगाले. चांगली पळत हुते की! मागनं टेंपोवाला भोंगा वाजवत आला, मला काय त्यातलं ऐकू न्हाय. त्यो खाली उतरून हातवारं करून बोंबलाय लागला. मला वाटलं कौतुक करतोय, म्हणून मी रामराम केला आन् तशीच फुडं गेले. सांजच्याला समदी गल्ली ह्यांच्याकडं गाऱ्हाणं घिऊन आली की बाळासो, बायकू सांभाळ. म्हंजे टेंपो त्यानं हाकायचा आन् सांभाळायचं मला!

आता शाळंच्या मैदानात पळते. ह्ये फाटकापाशी पेपर घिऊन बसत्यात. वाचत न्हाईत, माज्याकडंच बघत्यात, मला ठावं हाय. परवा गुडगा सुजला. डॉक्टर म्हणला, आजी, बसा. म्या म्हणलं, बसायसाठी तुज्याकडं कशाला येऊ? तरीबी चार दिस चालतेच हाय नुसती.

त्या महिपतीला सांग, पाचाची हौस तुज्या घरात वाट म्हणावं. तू पळ. सावकाश पळ, पण पुरं करून ये. आपल्यातलं कुणी पुरं करून आलं की मला लई बरं वाटतंय. अंबुबाई वळणावर हाईत म्हंजे घरचंच हाय. पाणी मागून घे, लाजू नगंस. गड्ड्याच्या जत्रंत धुळीत लई हिंडू नगंस, खोकला व्हईल.

जीव लावतीस तसाच लावत ऱ्हा.

तुजी,
आक्का

---

सोलापूर,
२७ जानेवारी २०२६

ती. आक्कास,

सा. न. वि. वि.

आक्का, मी एकवीस किलोमीटर पळाले. हे पहिल्यांदाच लिहून टाकते, कारण अख्ख्या सोलापुरात हे मानायला कुणी तयार नाही.

मी सगळ्यांत मागे होते, हे खरं. हत्तुरे वस्ती ओलांडली तेव्हा पुढच्या बायका परत येताना भेटत होत्या, कपाळं हळदीकुंकवानं भरलेली. मला हात करून जात होत्या. माझ्या मागे कुणीच नव्हतं. मोबाइल कंबरेला आपटतो म्हणून मी पिशवीत ठेवून आले होते. होटगीला पोचले तेव्हा गटाच्या बायका पलीकडे चहाची भांडी विसळत होत्या. टेबलाशी वन्सं एकट्याच होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, खोटं कशाला बोलू? त्यांनी पाणी दिलं. हळदीत बोट बुडवलं, कुंकवात बुडवलं, हात माझ्या कपाळापर्यंत आणला, आणि आक्का, तिथंच थांबवला. मी मान पुढे करून उभी. त्यांनी हात खाली घेतला, पदराला बोट पुसलं आणि हळू आवाजात म्हणाल्या की जा, उन्हाचं जपून जा.

आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा मी माघारी बरीच पुढे आले होते. नवरा गेलेल्या बाईला कुंकू लावत नाहीत! मंडळानं खूण ठरवली ती अशी, आणि आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. मला कुंकवाची हौस नव्हती गं. मला मी वळल्याची खूण हवी होती. संताप एवढा झाला की उरलेलं अंतर त्या संतापावरच पळाले. पोटऱ्यांत गोळे आले तरी थांबले नाही.

आसरा चौकात पोचले तर मांडव उतरवत होते. एकानं माझ्या कपाळाकडे बघितलं, मग वहीत बघितलं आणि अपूर्ण असं लिहिलं. मी सांगितलं काय झालं ते. चारचौघांत, घामेघूम, मला मोठ्यानं सांगावं लागलं की मी विधवा आहे, म्हणून मला टिळा लावला नाही. सगळे खाली बघायला लागले. महिपती सर म्हणाले की घामानं पुसला असेल म्हणावं, तर डाग तरी राहतो, आणि नियम सगळ्यांना सारखा. वर काय, तर या वयात अर्धं अंतर पळणंही कौतुकाचंच आहे! अर्धं! मी म्हटलं, वळणावर माझी सख्खी नणंद आहे, तिला विचारा. त्यांनी सगळ्यांसमोर फोन लावला, आवाज मोठा केला.

वन्सं म्हणाल्या की गर्दी लई हुती, ध्यानात न्हाय.

आक्का, माझ्या मागे कुणी नव्हतं. गर्दी कसली? दोन दिवस झाले, मला अन्न गोड लागत नाही. पदक गेलं तर गेलं. पण मंडळातल्या सगळ्यांना आता मी मधूनच फिरलेली खोटारडी वाटते. पहाटे मैदानावर गेले तर दोघी बोलता बोलता गप्प झाल्या. बक्षीस समारंभ आठ तारखेला आहे. त्याआधी वन्संनी खरं सांगितलं तर ठीक, नाहीतर मी हे मंडळ सोडणार, आणि होटगीचं तोंडही बघणार नाही.

तू तरी विश्वास ठेव आणि तसं लिहून कळव.

सुकन्या

---

वैराग,
३० जानेवारी २०२६

सौ. अंबुबाई यांस,

केराबाईचा नमस्कार.

वळखलंच असंल. मी सुकन्याची आक्का. तुमचं बरं चाललंय का हे इचारायसाठी पत्र लिवत न्हाय, ते आदीच सांगते.

माजी भण होटगीपतुर पळत आली, तुमच्या हातचं पाणी प्याली आन् माघारी गेली. व्हय का न्हाय? एवढंच इचारते. तुमी कुकू लावलं न्हाय, त्याचा राग मला हाय, पण तो राग म्या गिळीन. आपल्या बायांच्या हाताला वळण लागलेलं हाय, हात आपसुक मागं येतोय. माजाबी आला असता, कोण सांगावं. पण फोनवर तुमी ध्यानात न्हाय म्हणला, ते काय हाताचं काम न्हवं. ते तोंडानं केलं तुमी, जाणूनबुजून. तुमच्या भावाच्या दुखण्यात सुकन्या दवाखान्याच्या फरशीवर निजायची, ते तुमी डोळ्यांनी बघितलंय. तवा तिला कुणी अर्धी म्हणलं न्हाय. आता म्हणत्यात, आन् ते तुमच्यामुळं.

आठ तारखंला समारंभ हाय. तुमच्या गटाला बोलावणं हायच म्हणं. शाल बी मिळणार म्हणं. जावा आन् घ्या, पर घेताना खांद्यावर काय पडतंय त्येचा इचार करा.

माजा गुडगा सुजलाय, न्हायतर मी समक्ष आले असते. राग आला तर येऊ द्या. नातं तोडायचं का राखायचं, ते तुमच्या हाती हाय.

केराबाई

---

होटगी,
९ फेब्रुवारी २०२६

सुकन्या हिस,

अंबुबाईचा आशीर्वाद. घेणार असलीस तर.

तुज्या आक्कानं मला पत्रात जोड्यानं मारायचं तेवढं बाकी ठेवलंय. तिला सांग, पोचलं. पयले मला तिचाच राग आला, मग तुजाबी आला. तूबी कशी गं? मान फुडं करून हुबी ऱ्हायलीस, मी हात मागं घेतला, आन् तू एक सबुद बोलली न्हाईस. वन्सं, लावा की, एवढं म्हणली असतीस तर? पाणी प्यालीस आन् गेलीस. जाताना तुजी पाठ बघत मी किती येळ हुबी हुते, ते तुला काय म्हाईत.

खरं सांगते. बोट कुकवात हुतं तवा मला माजा भाऊ शहाजी दिसला. आन् मागं भांडी घासणाऱ्या बाया हुत्या. त्या काय म्हणतील, भावाच्या माघारी भावजयीला कुकू लावती म्हणतील, ह्येचं भ्या वाटलं. फोन आला तवाबी त्या समद्या भवतीनं हुत्या. सुकन्या आली हुती म्हणलं असतं, तर टिळा का न्हाय लावला, ते सांगावं लागलं असतं. म्हणून ध्यानात न्हाय म्हणले. लबाड बोलले मी. तुला धडधडीत खोटी पाडली.

काल समारंभाला गेले. तू आली न्हाईस, बरं केलंस. हाल भरल्याला हुता. महिपती सरांनी माईकवर सांगितलं की टिळ्याची कल्पना लई गाजली, एक किरकोळ तांत्रिक अडचण सोडली तर. मग मला वर बोलावलं शालीसाठी. मी गेले आन् शाल घ्यायच्या आदी माईकच हातात घेतला. आयुष्यात पयल्यांदा. मी सांगितलं की अडचण तांत्रिक न्हवती, माजं बोट हुतं ते. माजी भावजय होटगीला आली, पाणी प्याली, वळली. तिचा नवरा म्हंजे माजा भाऊ गेलाय, म्हणून मी तिच्या कपाळाला हात लावला न्हाय, आन् फोनवर लबाड बोलले. आमच्या गटातली एक बाई मागनं पदर वढत हुती, बस म्हणून. मी बसले न्हाय.

मग सरांनी माईक घेतला. म्हणले, चूक सुदारू, फुडल्या वर्सापास्नं अशा भगिनींसाठी अष्टगंधाची येगळी डबी ठेवू. माजं डोस्कंच फिरलं! मी तितंच इचारलं की अशा म्हंजे कशा, ते जरा माईकवर सांगा. त्यावर सर नुसतंच पाणी प्याले. मी म्हणलं, येगळी डबी ठेवली तर वळणावर होटगीची एकबी बाई हुबी ऱ्हाणार न्हाय. पदर वढणारी तीच बाई पयली टाळी वाजवाय लागली. मग वहीत तुज्या नावाफुडं पूर्ण असं लिवलं, मोठ्यानं वाचून दावलं, आन् पदक माज्या हातात दिलं. शाल मी तितंच खुर्चीवर ठिवून आले.

पदक माज्यापाशी हाय. पोस्टानं धाडणार न्हाय, कुणाच्या हातीबी देणार न्हाय. होटगीला ये. पळत ये न्हायतर यष्टीनं ये. आक्काबी आली तर येऊ दे, शिव्या समोर बसून खाईन. मी दारात हळदीकुकवाचं ताट घिऊन हुबी ऱ्हाईन, मग समदी गल्ली बघू दे. नगं वाटलं तर तू नगं म्हण, मी वाईट वाटून घेणार न्हाय. पर नगं म्हणायचं ते तुजं हाय, माजं न्हवं.

लोभ जेवढा उरला असंल, तेवढा घिऊन ये.

तुजी नणंद,
अंबुबाई