चौदा नंबरची खुर्ची

हिनकल, म्हैसूर
सोमवार, दुपार

प्रिय रणोजीराव भावजींना वहिनीचे भरपूर आशीर्वाद. त्यात थोडा राग मिसळला आहे, तो वेचून बाजूला ठेवा.

तुमचे दादा होते तेव्हा एका सकाळी मी दारात सडा घातला, रांगोळी काढली, दूध गॅसवर ठेवलं आणि वळून बघते तर ते स्वयंपाकघरात खाली बसून मी सोलून ठेवलेले अवरेकाळूचे, आपल्या पावट्याचे, दाणे फरशीवर मांडत होते. अकरा इकडे, अकरा तिकडे. आदल्या दिवशी आपला संघ पेनल्टी कॉर्नरवर कसा हरला ते त्यांना मला समजावून सांगायचं होतं. मी केर काढता काढता "हूं, हूं" म्हणत होते. "सरू, बघ, गोलकीपर इथे पुढे यायला हवा होता," असं ते म्हणाले आणि नेमकं दूध वर आलं. मी गॅस बंद केला, दोन्ही संघ सुपात भरले, धुतले आणि सांबारात टाकले. जेवताना त्यांनी एक दाणा बोटांत धरला आणि "हा आपला गोलकीपर, इथे तरी वेळेवर पुढे आला," म्हणत तोंडात टाकला. तशा सकाळी शंभर झाल्या असतील. एकाही सकाळी मी नीट ऐकलं नाही.

असो. पत्रात आधी खुशाली विचारायची असते, ते राहूनच गेलं. जाऊबाईंचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला? इकडे माझी साखर ठीक आहे आणि नात काव्या कॉलेजला जाते असं म्हणते. हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण हॉकीचा विषय निघाला की तुमच्या फोनची रेंज जाते. (बाकी सगळ्या विषयांना नंजनगूडमध्ये चांगली रेंज असते.) म्हणून पत्र. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पुढचं वाचन मी पुडीच्या कागदांवर आणि ह्यांच्या पेपराच्या शेवटच्या पानावर केलं. तेव्हा अक्षरांना हसू नये.

आता मुद्द्याचं. पश्चिमवाहिनीच्या घाटावर ह्यांच्या दहाव्याच्या दिवशी काय झालं ते तुम्ही विसरला असाल, म्हणून आठवण करून देते. कावळा पिंडाला शिवेना. ऊन डोक्यावर आलं. कुणी म्हणालं, काव्याचं लग्न थाटात करू. कावळा बघत राहिला. कुणी म्हणालं, घरावरून भांडणार नाही. कावळ्याने मान फिरवली. (त्याला आपलं घराणं माहीत असणार.) पुरोहित गुंडेराव तिसऱ्यांदा घड्याळ बघत होते. मग तुम्ही पुढे झालात, हात जोडलेत आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं ओरडलात, "दादा, आपला संघ जिंकेपर्यंत वहिनी तुझ्या खुर्चीवर बसून घरच्या मैदानावरचा प्रत्येक सामना बघेल!" तुमचं वाक्य संपायच्या आत कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला कुणी विचारलं का? मी तेव्हा केळीच्या पानाशेजारी बसले होते आणि हॉकीत किती गडी असतात ते मला फक्त अवरेकाळूमुळे ठाऊक होतं. शिवाय तुम्ही हुशार. शब्द दिलात तुम्ही आणि बसायचं मी.

तेव्हापासून तेरा सामने झाले. आपला कावेरी लान्सर्स संघ अकरा हरला आणि दोन बरोबरीत सुटले. (लान्सर म्हणजे भालेकरी, आणि पूर्वजांनी म्हैसूरच्या घोडदळात भाले चालवले म्हणून ह्यांना ह्या संघाच्या नावाचा अभिमान. पणजोबांनी असे भाले चालवले असते तर आपण आज म्हैसुरात नसतो.) तुम्ही माझ्या शेजारी पंधरा नंबरच्या खुर्चीवर होतात, पण तिसऱ्याच सामन्याला सात गोल खाल्ल्यावर उठलात, लान्सर्सचा शर्ट अंगातून काढून खुर्चीवर फेकलात आणि बनियनवर नंजनगूडच्या बसमध्ये चढलात. शर्ट मी घरी आणला. धुतला आहे.

पहिल्या बरोबरीनंतर मी गोंधळले. बरोबरीत शब्द सुटतो की नाही? जयलक्ष्मीपुरमला गुंडेरावांच्या घरी जाऊन विचारलं. त्यांनी डोळे मिटून पुष्कळ विचार केला. म्हणाले, "बाई, शास्त्रात बरोबरी सांगितलेली नाही. पण संकल्पात जिंकणं हा शब्द आहे, तर जिंकणंच हवं." निघताना हळूच विचारलं, "तो नवा गोलकीपर एवढा वाकून का उभा राहतो हो?" तेव्हा कळलं की गुंडेरावसुद्धा आपल्यातलेच. दुखणं सगळ्या गावाला आहे.

आता खुर्चीबद्दल. ह्यांच्या चौदा नंबरच्या खुर्चीला डाव्या बाजूने एक स्क्रू वर आला आहे. पहिल्याच दिवशी त्यात माझी साडी अडकून फाटली. मी घरी येऊन ती शिवायला बसले आणि हात थांबला. भावजी, पाच मोसम मी ह्यांच्या पँटी एकाच जागी रफू करत होते, डाव्या मांडीला, आणि दर वेळी त्यांना बोलत होते की माणसाला नीट बसता येत नाही का, कुठे कुंपणांवरून उड्या मारता का ह्या वयात. ते हसायचे आणि सुई ओवून द्यायचे. खुर्चीबद्दल एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी खुर्ची बदलायला लावली असती, हे त्यांना माहीत असणार. मैदानावरच्या माणसाने परवा पाना आणून स्क्रू बसवून देतो म्हटलं. मी त्याला दुसरीकडे पाठवलं.

आता कालची हकिगत, जिच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. आपल्या अभिमानी मंडळाचा, म्हणजे संघाच्या चाहत्यांचा, अध्यक्ष मंजुनाथ (तोच, औषधाच्या दुकानाचा, गोलाच्या वेळी शिट्टी फुंकणारा, म्हणजे दोन वर्षांत जवळजवळ न फुंकलेला) ह्याने निषेध ठरवला. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांनी मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं. सगळ्यांनी मान्य केलं. माझ्याकडे आला तर मी म्हटलं, मला जमणार नाही, शब्दात "बघेल" असं आहे, पाठीने कसं बघू? तो म्हणाला, "अय्यो सरस्वतम्मा, पंधरा निमिषाने काय होतंय? दोन वर्षांत काही झालं नाही!" मी म्हटलं, मग मी बघितल्यानेही तुझं काही बिघडत नाही.

तर दोनशे माणसं पाठ करून उभी, आणि मी ह्यांची माकडटोपी हातात घेऊन बसलेली. आणि अकराव्या मिनिटाला, भावजी, आपण गोल केला. खरंच केला. गोल करणारा पोरगा दोन्ही हात वर करून आपल्या स्टँडकडे धावत आला, आणि बघतो तर समोर दोनशे पाठी. त्याचे हात तिथेच अर्ध्यावर राहिले. मी उभी राहिले आणि माकडटोपी हलवली. त्याने मला बघितलं, स्टिक कपाळाला लावली आणि परत गेला.

मग जो गोंधळ झाला! निषेध मोडता येईना आणि गोल बघितलेला माणूस एकच. पंधरा मिनिटं संपल्यावर सगळे माझ्याभोवती जमले. "कसा मारला? कुणी दिला? डावीकडून?" मंजुनाथ तर रडवेला झाला होता, शिट्टी तोंडातच होती. मी म्हटलं, शेंगदाणे द्या कुणीतरी. पुडी आली. मी पंधरा नंबरच्या खुर्चीवर, तुमच्या खुर्चीवर, दाणे मांडले. हा आपला, हे त्यांचे दोन, हा गोलकीपर. इथून चेंडू सरकवला, ह्याने थांबवला, आणि गोलकीपर पुढे यायच्या आत ह्या फटीतून. एवढी माणसं वाकून बघत होती, कुणी "हूं" सुद्धा म्हणत नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर मी गोलकीपर बोटांत धरला आणि तोंडात न टाकता पुन्हा जागेवर ठेवला. मंजुनाथ म्हणाला, "पुन्हा सांगा, अम्मा." मी पुन्हा सांगितलं. चार वेळा सांगितलं.

तरी आपण हरलो. चार मिनिटं राहिली असताना एकास एक झाले आणि अगदी शेवटी त्यांनी दुसरा घातला. मोठी माणसं रडली. मीही रडले. मंजुनाथने मला लिंबूपाणी आणून दिलं आणि म्हणाला, तुमच्यासारखी निष्ठा असती तर संघ कुठल्या कुठे गेला असता.

तर असं आहे. तुम्ही परत यावं असं मंडळाचं म्हणणं आहे. माझं काही म्हणणं नाही. जाऊबाईंना गुडघ्याला तेल चोळायला सांगा. मुलांना आशीर्वाद.

तुमची वहिनी,
सरस्वतीबाई

ता.क. एक गोष्ट लिहायची राहिली, खरं तर लपवली. काल आपण एक गोलाने पुढे होतो आणि सगळे मिनिटं मोजत होते, तेव्हा मी चामुंडीला हात जोडले होते. मंजुनाथला वाटलं संघासाठी. भावजी, मी समोरच्या संघाला गोल दे म्हणत होते. आपण जिंकलो की शब्द सुटला. मग मी कुठल्या तोंडाने त्या खुर्चीवर जाऊन बसू? घरातून निघताना काव्याला काय सांगू? घरी त्यांचा फोटो आहे, कपडे आहेत, पण तिथे बसलं की ते जे बघत होते ते मला दिसतं. रडले ते शब्द अजून सुटला नाही ह्या आनंदाने. ती लिंबूपाण्याची बाटली अजून तशीच आहे, पिववत नाही.

ता.क. दुसरा. म्हणून खरी विनंती अशी. पुढच्या रविवारी मोसमातला घरचा शेवटचा सामना आहे आणि तो संघ आपल्याहूनही वाईट आहे, असं काव्याने फोनमध्ये वाचून सांगितलं. (मला आधी पटेना.) धोका मोठा आहे. तुम्ही शनिवारी पश्चिमवाहिनीला या आणि दिलेला शब्द बदला. "जिंकेपर्यंत" काढा, "जिंको वा हरो" घाला. शब्द तुमचा, कावळा तुमचंच ऐकेल. भात मी करून आणते.

ता.क. तिसरा, आठ दिवसांनंतर, मंगळवार. पत्र टाकलं नाही. पेटीपर्यंत दोनदा जाऊन आले. अकरा पोरं उन्हात धावतात, आणि त्यांनी हरावं म्हणून मी घाटावर वकील पाठवायचा, हे ह्यांना आवडलं नसतं. तर रविवारी आपण जिंकलो. तीन-एक. मंजुनाथची शिट्टी एवढी वाजली की शेवटी तिच्यातून नुसती हवा येत होती. गुंडेराव धोतर सावरत नाचले. ते मला म्हणाले, "सुटलात, बाई." सगळे गेल्यावर मी थोडा वेळ चौदा नंबरवर बसून राहिले आणि उठताना साडी स्क्रूमधून हलक्या हाताने सोडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा घातला, दूध तापवलं, तुमच्या शर्टाला इस्त्री केली आणि मैदानाच्या कचेरीत जाऊन पुढच्या मोसमासाठी चौदा नंबर माझ्या नावावर आणि पंधरा नंबर तुमच्या नावावर करून आले.