मंत्र्यांनी खोडलेला प्रश्न

चि. धाकट्यास, ताईचे आशीर्वाद, या खेपेस जरा हात आखडून.

मंगळवार, चौदा तारीख, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. तू टीव्हीवर घेतलेल्या मुलाखतीत या देशाचे मंत्री म्हणाले, "सीमेवरच्या छावणीत आता मुलंच उरलेली नाहीत." तू मान डोलावलीस आणि त्यांना आवडत्या संगीताबद्दल विचारलंस.

माझा भाऊ दिसणार म्हणून छावणीतल्या शाळेत मी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं होतं. मंत्र्यांची भाषा मुलांना कळते. एक चिमुरडी म्हणाली, "बाई, मग आपण कोण?"

फोनवर तू म्हणालास, "ताई, प्रश्न आधी पाठवावे लागतात. छावणीतल्या मुलांबद्दलचा त्यांनी खोडला." अरे, मग मुलाखत तू घेतलीस की त्यांनी? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये थाप मारणारीबरोबर माना डोलावणारीलाही बाकावर उभं करत.

मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ऐकतात. खिडक्यांच्या काचा गेल्या, त्यामुळे वारा छान येतो. तोफा लांब आहेत. निदान कालपर्यंत होत्या. तुझ्या बायकोची दाढ काढली का?

मुलंच नाहीत, म्हणून महिनाअखेरीस शाळेला कुलूप लागणार आहे. मी इथून हलणार नाही. एकेचाळीस मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली नावं सोबत जोडली आहेत. पुढच्या कार्यक्रमात ती सगळी मोठ्याने वाच.

वाचणार की नाही, ते शुक्रवार, चोवीस तारखेला दुपारी चारच्या आत लेखी कळव. फोन मी उचलणार नाही.

तुझा कान अजून धरू शकणारी,
ताई