जुन्या लेबलाखाली

११ मार्च, मंगळवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र मिळून बारा दिवस झाले. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, जीभ मात्र धडधाकट. काल तिने डॉक्टरांना सुनावलं, की तुमच्या गोळ्यांनी फरक पडत नसेल तर निदान त्या गोड तरी द्या.

मी तुझ्या भाषेत अजून माश्याच मारतेय. पण यंदा एक मोठी गोष्ट हाती लागली. गटारातले आणि झाडांच्या ढोलीतले डास आम्ही संग्रहालयात बावीस वर्षं एकाच नावाखाली ठेवत होतो. ते दोन वेगळे निघाले. मागच्या पायावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून मला गेल्या वर्षीच शंका आली होती, पण एका नमुन्यावर कोणी तोंड उघडत नाही. एक म्हणजे योगायोग असू शकतो. तशाच खुणेचा दुसरा सापडला, की बोलावंच लागतं.

तू हसशील. तुम्ही सातशे मीटर खाली खाणीत वर्षभर एका ठिणगीची वाट बघता, विश्व कशाचं बनलंय ते कळावं म्हणून. आणि मी डासांच्या तंगड्या बघते. आईला तर तुझ्याच कामाचं कौतुक. शेजारणीला सांगते, "तो खाली जाऊन फार मोठं काहीतरी शोधतोय. ही घरीच असते."

उत्तर द्यायचं टाळतेय, हे तू ओळखलं असशीलच.

तू लिहिलंस, की तुझ्या विद्यार्थिनीने चौकशी समितीकडे तक्रार केली आहे. तुमचं मोजणीचं यंत्र ठेवलेल्या तांब्याच्या पेटीभोवतीचा लोखंडी दरवाजा आपोआप सरकला आणि तिचा हात सापडला, असं तू म्हणतोस. तू ढकललास, असं ती म्हणते. खाली तुम्ही दोघंच होता. म्हणून तुला माझं पत्र हवंय, की दादाने जन्मात कुणावर हात उगारलेला नाही. "तुझ्या शब्दाला वजन आहे," असंही लिहिलंस. हे वाक्य ऐकायला मला पन्नाशी गाठावी लागली.

मी पत्र लिहायला बसले होते, दादा. दोन ओळी झाल्याही होत्या.

गुरुवारी सकाळी तुझी ती विद्यार्थिनी संग्रहालयात माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, बाहेर फक्त अंगठा आणि पहिलं बोट. मला वाटलं, भांडायला आली. ती म्हणाली, "मॅडम, सर एकदा म्हणाले होते, माझ्या बहिणीची तीन बोटं वाकत नाहीत, तरी ती सुईपेक्षा बारीक काम करते. ते कसं करता, तेवढं बघायला आलेय. मला आता असंच काम करावं लागणार."

मी तिला चिमटा धरायला शिकवलं. अंगठा, पहिलं बोट, मनगट टेबलावर टेकवलेलं. डासाला बोट लावायचं नाही, लावलं की खवले झडतात आणि ओळख पुसली जाते. बघता बघता तिने विचारलं, "तुमच्या हाताला काय झालं होतं?"

"लहानपणी जिन्यावरून पडले," मी म्हणाले. विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं. चाळीस वर्षांची सवय.

ती चिमटा खाली ठेवून म्हणाली, "मलाही सर तेच म्हणाले होते. लिहून दे, जिन्यावरून पडले. मॅडम, आम्ही लिफ्टने जातो. खाली जिना नाहीये."

दादा, तुला दुसरं खोटं सुचलंसुद्धा नाही? पुढे तिने काही लिहून दिलं नाही, तेव्हा कुठे तू दरवाजा आपोआप सरकवलास.

तिने सगळं सांगितलं. हातमोजा फाटला होता, तिने उघड्या हाताने पेटीला हात लावला. घामाच्या डागातल्या क्षारांनी तुझी तीन वर्षांची मोजणी वाया गेली. तू ओरडला नाहीस. तिचं मनगट धरलंस, हात चौकटीवर ठेवलास आणि दरवाजा लावलास. मग पुन्हा उघडून पुन्हा लावलास.

दोनदा. तेही मला माहीत होतं.

मी दहा वर्षांची, तू सतराचा. तुझी ती काचेची बरणी, तळाशी सुका बर्फ, आत धुकं. आकाशातून येणारे कण त्यात पांढऱ्या रेघा ओढून जातात, असं तूच मला मांडीवर बसवून दाखवलं होतंस. मला एक रेघ हातात धरायची होती. मी झाकण काढलं आणि धुकं गेलं. तू माझा हात मधल्या खोलीच्या दाराच्या बिजागरीत घातलास. पहिल्यांदा दार पुरतं लागलं नाही. दुसऱ्यांदा तू खांदा लावलास. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि मी ओरडायच्या आधी आई ओरडली. दवाखान्यात तिनेच सांगितलं, जिन्यावरून पडली.

ती मुलगी गेल्यावर माझ्या हातात स्टीलची पट्टी होती आणि समोर तू हवा होतास. तुझं तोंड फोडावं असं वाटलं, दात तुटेपर्यंत. हे लिहिताना मला लाज वाटत नाही, भीती वाटते. कारण गेल्या वर्षी संग्रहालयातली कपाटं सांभाळणाऱ्या काकांकडून नमुन्यांची पेटी पडली, तेव्हा मी हीच पट्टी त्यांच्यावर उगारली होती. साठीचा माणूस, दोन्ही हात तोंडावर घेऊन खाली बसला. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आपल्याबद्दल कुणीच कधी काही सांगत नाही, दादा.

समितीला कागद पाठवणार, हे मी आईला आधी सांगितलं. ती म्हणाली, "घरातलं घरात राहू दे गं. त्याचं सगळं जाईल." जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "आपलं घर तळमजल्यावर होतं. त्या डॉक्टरने एकदा तरी विचारायचं होतं, कुठला जिना म्हणून." मग जेवली नाही. मी तिची सही मागितली नाही, तिनेही देते म्हटलं नाही.

आमच्या संग्रहालयात एक नियम आहे. नमुन्याचं जुनं लेबल चुकीचं निघालं, तरी ते काढून टाकायचं नाही. त्याच पिनेवर, त्याच्या खाली, नवं लावायचं. कोण चुकलं होतं तेही दिसलं पाहिजे. म्हणून दवाखान्याचा तो पिवळा कागद मी फाडला नाही. "जिन्यावरून पडली" हे त्यावर तसंच आहे. त्याच्या खाली माझ्या हाताने लिहिलं: मधल्या खोलीचं दार, बिजागरीची बाजू. दोनदा. करणारा थोरला भाऊ, वय सतरा. पाहणारी आई. सोबत एक्स-रे जोडलाय आणि काकांवर पट्टी उगारल्याचंही लिहिलंय, म्हणजे माझ्या शब्दाला वजन किती ते त्यांनीच ठरवावं.

पाकीट आज सकाळी गेलं. आता अडवू नकोस, आणि आईला फोन करून रडवू नकोस. यापुढे तू मला बहीण म्हणणार नाहीस, हे धरूनच चालले आहे. तुझ्या मांडीवर बसून बघितलेल्या त्या रेघा मला अजून आठवतात, म्हणून तर बारा दिवस लागले. पण आता माझ्याकडे दुसरा नमुना आहे.

कधीच जिन्यावरून न पडलेली,
तुझी धाकटी