उजव्या बाजूचा पक्षी

४ जानेवारी २००७, मूस जॉ, कॅनडा

"संगणकावर विमानं उडवणाऱ्या बंधूंनो, आपल्या हाती खोटी विमानं दिली जात आहेत!" — आज आमच्या हौशी मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर असा दणका दिला. खेळ बनवणाऱ्यांनी महायुद्धातल्या हरिकेन विमानाचं नाक आखूड केलंय, रंग शेवाळ्यासारखा. यापुढे लढाऊ विमानं आपणच घडवू, आणि पुराव्याशिवाय एक रिव्हेटही बसवणार नाही, अशी शपथ घातली सगळ्यांना. अशाच शब्दांच्या जोरावर रेल्वेचा संप उभा केला होता मी. इथे तिघांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकाने विचारलं, फाईल उघडायची कशी.

बायको, स्टेफका, भांडी पुसत म्हणाली, "कॉम्रेड, कोबी आणायचा राहिला."

७ जानेवारी

कोबी आणला. मग वृद्धाश्रमात ऑर्विल टॅकाबेरीकडे. युद्धात त्याने हेच विमान चालवलं. त्याची नजर भराभर चाललीय, डॉक्टर म्हणतात वसंतापर्यंत टिकली तर टिकली. त्याआधी आपलं विमान एकदा बघायचंय त्याला. मी घडवतोय ते त्याचंच.

त्याची मुलगी व्हर्ना तिथेच होती. म्हणाली, बाबांच्या विमानावर मेडोलार्क रंगवलेला होता, पिवळ्या छातीचा, आपल्या माळावरचा. तो हवाच. पण त्याच्या युद्धातल्या एकुलत्या फोटोत पक्षी नाही! ऑर्विल पंखावर पाय ठेवून उभा, मागे विमान कोरं. मी तिला पुरावा म्हणजे काय ते समजावलं. ग्रीकांपासून सुरुवात केली. ऑर्विल खिडकीबाहेर बघत राहिला.

९ जानेवारी

मंडळावर लेख टाकला — घरगुती दंतकथा आणि इतिहास. स्वतःवर बेहद्द खूश.

१० जानेवारी

स्टेफकाने फोटो हातात घेतला. "ही डावी बाजू ना? पक्षी उजवीकडे असला तर?"

...

व्हर्नाला फोन केला. हो, बाबा कायम उजवीकडेच म्हणतात — साहेब पाहणीला डावीकडून यायचे, त्यांना दिसू नये म्हणून. मग त्या दिवशी बोलली का नाहीस, असं विचारलं. म्हणाली, "काका, तुम्ही थांबलात कुठे?"

११ जानेवारी

आता खरी फजिती. मी विमानाची डावी बाजूच रंगवतो, उजवीवर तिचीच उलटी छबी चढते. काम निम्मं होतं, सगळेच असं करतात. म्हणजे पक्षी काढला तर दोन्हीकडे! एकट्या उजवीकडे हवा तर सगळी कातडी, म्हणजे विमानावर चढवलेलं रंगाचं चित्र, उसवून पुन्हा बेतायची. सत्यासाठी गर्जणाऱ्याने अर्धंच विमान बनवलं होतं.

उसवली.

२० जानेवारी

पक्षी काढला. स्टेफका म्हणाली, पेरोगीला, म्हणजे तिच्या उकडलेल्या करंजीला, चोच फुटलीय. लेख मागे घेतला. मंडळावर माझ्या वक्तृत्वाची आठवडाभर टिंगल. हक्काची आहे.

२८ जानेवारी

पक्षी शेवटी स्टेफकाने नव्याने रंगवला. मग भांडी घासायला गेली.

४ फेब्रुवारी

संगणक गाडीत घालून वृद्धाश्रमात नेला. ऑर्विलने नाक पडद्याला टेकवलं. विमान हळूहळू उजवीकडून फिरवून दाखवलं. पिवळी छाती आली तसं त्याने बोट ठेवलं, उचललंच नाही. व्हर्ना कॉफी आणायला गेली होती.

"पोरा, असाच काढणार होतो आम्ही," तो म्हणाला. "पेल्टिये, माझा मेकॅनिक, रंगही घेऊन आला होता. पण त्याच सकाळी माझं विमान दुसऱ्या पोराला दिलं. तो परत आला नाही."

व्हर्ना कप घेऊन आली. "बाबा, असाच होता ना?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"अगदी असाच," मी म्हणालो. एवढं छोटं भाषण आयुष्यात केलं नव्हतं.

५ फेब्रुवारी

विमान मंडळाला देऊन टाकलं. सोबत एकच ओळ — बंधूंनो, नाक, रंग, रिव्हेट, हवं ते बदला. पक्षी खोडू नका.