दक्षिणेचा लिंब

अण्णा, तुमच्या लिंबावरून घरात रोज वाद आहे आणि तुम्ही केव्हाच निसटलात, म्हणून हे तुम्हालाच लिहितोय. विजेचं बिल आता तुमच्या आवडीचं झालंय, नुसते समास: इंधन समायोजन आकार, वहन आकार. विग्रह करता करता घाम फुटतो, आणि पंखा लावावा तर त्याचाही आकार. परळीकडं कोळसा जळतो, कुठल्या धरणाचं पाणी पडतं, कुठं डोंगरावर पाती फिरतात, आणि त्या सगळ्यांचा खर्च आपल्या पूर्णेच्या घरात मुक्कामाला येतो. वीज मात्र मे महिन्यात भर दुपारी नेमकी जाते. मग ज्या उन्हात भाजतो त्याचीच वीज करा, असं तुमची सून म्हणते. तिचं चुकतं कुठं?

परवा बोरीचा एक सोलरवाला गच्चीवर चढला, बराच वेळ वरच राहिला, आणि उतरून म्हणाला, "गुरुजी, पॅनलचं तोंड दक्षिणेलाच ठेवावं लागतंय. अन् तिकडूनच लिंबाची सावली पडायलीय. झाड काढल्याबिगर फायदा न्हाई."

दक्षिण म्हणल्यावर मी पुन्हा लहान होतो. स्वयंपाकघर, लाइट गेलेली, मी कंदील बाजूला ठेवून हौसेनं समई लावलेली, आणि तुम्ही हातातली भाकर ताटात ठेवून उठता, वात पूर्वेला फिरवता. "दिव्याचं तोंड तिकडं करायचं नाही. ती यमाची दिशा." एवढंच बोलून परत जेवायला बसता. आई गेली त्या वर्षी तुम्ही घराच्या दक्षिणेला हा लिंब लावलात. लोकांना सांगितलंत की ओसरीवर ऊन येतं. जन्मभर शाळेत व्याकरण आणि शास्त्र शिकवलेला माणूस, आणि झाड आडवं लावलं की यम अडेल असं धरून बसला. अडला का? तुम्हाला न्यायला तो त्याच बाजूनं आला असणार, आणि जाताना घटकाभर सावलीतही बसला असेल.

हे सगळं तुमच्या सुनेला सांगितलं. ती कणीक मळत होती. "मामंजींनी झाड लावलं तवा उन्हाला भाव नव्हता," म्हणाली. शेवटी हो म्हणालो. सोलरवाला शनिवारी माणसं घेऊन येणार, असं ठरलं.

एक सांगतो, अण्णा. तुमचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. पितृपक्षात तर्पणाला दक्षिणेकडं तोंड करून बसतो, डोळ्यांपुढं तुम्हाला आणायला बघतो, आणि समोर लिंबच असतो. इतकी वर्षं पाणी त्यालाच देत आलोय.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा घडी करून ठेवतो. सोलरवाल्याला मी सकाळीच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. तुमच्या सुनेला अजून बोललो नाही. शनिवारी तिला कळेलच, आणि पुढचं बिल आलं की पुन्हा.