कॉलेजला जाताना बरोबर इस्त्री

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (वाकलं की पाठीत चमक निघते. तिचं कारण पुढे येईल, पण नमस्कारात कसर ठेवलेली नाही.) तुमचे गुडघे आता कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला, की अजूनही ते औषधाची बाटली उजेडात धरून नुसतीच वाचतात? इकडे आम्ही ठीक. तुमचे बंधू छापखान्यातून येतात, जेवतात आणि पेपर तोंडावर घेऊन झोपतात. बाबांची तब्येत तर माझ्याहून चांगली आहे. दात शाबूत, पाय शाबूत, आवाज असा की गल्लीच्या टोकाला झोपलेलं मांजर उठून चालायला लागतं. जे शाबूत नाही त्याबद्दल हे पत्र आहे. खरं तर फोनवरच बोलायचं, पण तुमचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून "हो वन्सं" याखेरीज शब्द फुटत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि मला वाटतं म्हणूनच तुम्ही फोन करता. (रागावू नका. कागदावर मी जरा धीट होते.)

परवा तुम्ही दोन गोष्टी बोललात. एक, तुमच्या धाकट्या लेकीला या वर्षी होस्टेल मिळालं नाही, घरूनच कॉलेजला ये-जा करावी लागणार, तर बरोबर काय काय न्यावं ते मला विचारून घ्यायचं, कारण आपल्या घरात सध्या ये-जा करणारी विद्यार्थिनी मीच. दुसरी गोष्ट तुम्ही जाता जाता बोलल्यासारखी बोललात. बाबांना आता घरी एकटं ठेवणं धोक्याचं आहे, तेव्हा एक तर मी कॉलेज सोडावं, नाहीतर त्यांना तुमच्या गावातल्या त्या वृद्धाश्रमात ठेवावं, तिथली व्यवस्था उत्तम आहे, बागसुद्धा आहे. तुमच्या बंधूंनी त्यावर "बघू" म्हटलं. त्यांचं "बघू" म्हणजे काय ते तुम्ही माझ्याही आधीपासून ओळखता. माझी मात्र इकडे आड तिकडे विहीर झाली. लेक नोकरीला लागून परगावी गेली तेव्हा लग्नापायी अर्धवट राहिलेलं रसायनशास्त्र मी पुन्हा हातात घेतलं. आता शेवटचं वर्ष आहे आणि परीक्षा तोंडावर आली आहे. हे मला सोडायचं नाही. आणि बाबांनाही कुठे पाठवायचं नाही. दोन्ही गोष्टी स्वच्छ लिहून टाकल्या, आता धाकटीच्या प्रश्नाकडे वळते.

घरून कॉलेजला जाताना विद्यार्थ्याने डबा, पाणी, छत्री, वही आणि बसचा पास न्यावा, असं कुणीही शहाणा माणूस सांगेल. पहिल्या दिवशी मीही तेवढंच नेलं. दुपारी घरी आले तर दुधाचं पातेलं कोळशासारखं काळं झालेलं, घरभर धूर, आणि बाबा गॅलरीत उभे राहून खालच्या लोकांना सांगत होते की गाडी गरम झाली आहे, दुसरी गाडी मागवली आहे. (जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस. घरात काहीही बिघडलं की त्यांच्या लेखी गाडीच बंद पडते.) मग दुसऱ्या दिवसापासून मी निघताना गॅसच्या शेगडीची बटणं उपसून पिशवीत टाकायला लागले. डबा आणि चहाचा थर्मास त्यांच्यापुढे ठेवायचा, बटणं घेऊन निघायचं. मला वाटलं, जिंकलं. तर त्यांनी इस्त्री काढली आणि गणवेशाच्या शर्टाला कडक घडी घालायच्या नादात टेबलाचा कपडा जाळला. इस्त्री लपवावी तर आपल्या घरात त्यांना ठाऊक नाही अशी जागाच नाही, घर बांधताना कपाटं त्यांनीच बसवून घेतली होती. मग इस्त्रीही पिशवीत. त्यामागून दाढीची पाती गेली, देवघरातली काडेपेटी गेली, नळाच्या मोटारीचा फ्यूज गेला. एक ना धड भाराभर चिंध्या अशी ती पिशवी झाली, आणि रसायनशास्त्राचं पुस्तक मी हातात धरून नेऊ लागले. पाठीतली चमक कुठून आली ते आता कळलं असेल.

हे कमी होतं म्हणून की काय, सकाळी मी आंघोळीला गेले की बाबा माझी पिशवी तपासतात. कामावर निघालेल्या माणसाकडे सगळं सामान आहे ना, हे बघितल्याशिवाय सोडायचं नाही ही त्यांची जुनी शिस्त. ते त्यातून फालतू वाटेल ते काढतात आणि गरजेचं घालतात. फालतू म्हणजे माझी प्रयोगवही. गरजेचं म्हणजे शिट्टी, गमछा आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. त्यामुळे प्रॅक्टिकलच्या बाईंनी वह्या मागितल्या त्या दिवशी मी टेबलावर पिशवी रिकामी केली ती अशी: चार बटणं, एक इस्त्री, दाढीची पाती, फ्यूज, काडेपेटी, शिट्टी, गमछा, चिमटा. बाईंनी त्या ऐवजातला चिमटा उचलून उलटसुलट करून बघितला. मग त्यांनी काडेपेटी तेवढी जप्त केली, कारण प्रयोगशाळेत ज्वालाग्राही द्रव्यं असतात, आणि बाकीच्याबद्दल काही विचारलं नाही. समंजस बाई आहे.

ग्रंथालयाच्या दाराशी पिशव्या ठेवून घेणारे एक काका बसतात, बिल्ला देतात आणि पिशवी घेतात. त्यांनी माझी पिशवी एका हाताने उचलायला घेतली आणि खांदाच धरून बसले. आत काय आहे असं त्यांनी विचारलं तेव्हा इस्त्री, असं मी म्हटलं. का, म्हणाले. बसमध्ये कपड्यांना सुरकुत्या पडतात हो, असं मी ठोकून दिलं. हे ऐकलं मागे उभ्या असलेल्या होस्टेलच्या मुलींनी. त्यांच्या होस्टेलमध्ये इस्त्री वापरू देत नाहीत, आणि चुरगळलेला ॲप्रन घालून आलं की प्रॅक्टिकलच्या बाई दारातून परत पाठवतात. झालं. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत माझी इस्त्री मुलींच्या खोलीत फिरते आणि मला इस्त्रीकाकू हे नाव पडलं. एवढी वर्षं मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई, कुणाची तरी सून होते. आता स्वतःच्या इस्त्रीवरून ओळखली जाते, मला बरं वाटतं. (तुमच्या बंधूंना एकदा छापखान्याच्या सुट्टीच्या दिवशी चहा करून प्यायचा होता. बटणं नाहीत हे बघून त्यांनी थेट कॉलेजच्या ऑफिसात फोन लावला. शिपाई भर वर्गात येऊन म्हणाला, "ज्यांच्या घरच्या गॅसची बटणं त्यांच्याकडे आहेत, त्यांना बोलावलंय." मी मान वर न करता उठले. वर्गात दुसरं कोण असणार?)

आता जे तुमच्या बंधूंनी तुम्हाला अर्धंच सांगितलं ते पूर्ण सांगते. एवढा बंदोबस्त करूनही बाबा एक दिवस कडी काढून बाहेर पडले, स्टॉपवर गेले, आमच्याच मार्गाच्या बसमध्ये चढले आणि त्यांनी प्रवाशांना पुढे सरकवायला सुरुवात केली. लोक निमूट सरकलेसुद्धा. त्या बसवर एक कंडक्टर मुलगी आहे, माझ्या लेकीच्या वयाची. तिने त्यांना हटकलं नाही. फेरी संपेपर्यंत शेजारी उभं राहू दिलं आणि कॉलेजच्या स्टॉपवर माझी वाट बघितली, कारण मला ती रोज बघते आणि आपली सून इस्त्री घेऊन कॉलेजला जाते असं बाबांनी तिला सांगितलं होतं. माझ्या हातात त्यांचा हात देताना म्हणाली, "काकू, आजोबांनी आज माझं अर्धं काम केलं. उद्या येणार का?" मी तिथेच रस्त्यावर रडले. मग मी विचार केला, घरातलं सगळं धोक्याचं सामान मी रोज पिशवीत घालून नेते, ते कशासाठी? एका माणसासाठी. मग त्या माणसालाच नेलं तर?

तेव्हापासून बाबा माझ्याबरोबर कॉलेजला येतात. प्रॅक्टिकलच्या बाई प्राचार्यांशी बोलल्या, प्राचार्यांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाले नाहीत. बाबा ग्रंथालयाच्या दाराशी त्या काकांच्या शेजारी बसतात आणि बिल्ले वाटतात. रांग सरळ, धक्काबुक्की बंद, "दार सोडून उभे राहा" अशी आरोळी अधूनमधून. काकांना मध्ये चहाला जाता येतं म्हणून तेही खूश. (आता इस्त्री घरी ठेवता आली असती, पण मुली ठेवू देत नाहीत.)

सगळं असंच गोडीगुलाबीत चालतं असं मी भासवणार नाही. काही दिवशी त्यांना मी कोण ते आठवत नाही. गेल्या आठवड्यात बसमध्ये ते जागेवरून उठून माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि तिकीट मागितलं. मी पास दाखवला. पासावरचा फोटो माझा नाही म्हणाले. (यात तथ्य आहे, फोटो जुना आहे.) बाबा, मी तुमची सून, असं मी हळूच म्हटलं, तर सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, नातं सांगून फुकट जाणारे रोज पाच भेटतात. उतरा." आणि घंटेची दोरी ओढली. बस थांबली. कंडक्टर मुलगी माझ्याकडे बघत होती, सगळे बघत होते. मी पुढच्या दाराने उतरले, पिशवी सावरत रस्त्याने मागे धावले आणि मागच्या दाराने चढले. तर हेच बाबा माझी पिशवी हातातून घेऊन म्हणाले, "अगं, एवढं ओझं घेऊन धावत येतेस होय? मी गाडी थांबवली असती की." त्या क्षणी माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. एकाच माणसाने मला उतरवलं होतं आणि त्यानेच मला चढवून घेतलं. वन्सं, वृद्धाश्रमाच्या बागेतल्या बाकावर बसून ते कुणाला उतरवतील हो, आणि कुणाला चढवून घेतील?

तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही लांब राहता, रात्री फोन वाजला की तुम्ही दचकून उठता, हे मला कळतं. तुम्ही वृद्धाश्रम सुचवलात तो काळजीपोटीच, निष्ठुरपणाने नाही. मी फक्त इतकंच म्हणते की इथे काय चाललंय ते बघितल्याशिवाय ठरवू नका. धाकटीला आशीर्वाद. भावोजींना नमस्कार सांगा आणि ते औषध एकदा प्यायला सांगा.

तुमची,
भावजय (कॉलेजात इस्त्रीकाकू)

ता. क. धाकटीचं राहिलंच. तिला सांगा, डबा, पाणी, छत्री, वही, पास. बाकी काही लागत नाही.

ता. क. दुसरा. परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालयाचा तो कोपरा बंद असतो आणि परीक्षेच्या हॉलमध्ये सासरे नेता येत नाहीत (विचारून झालं). तुमच्या बंधूंना छापखान्यातून रजा मिळत नाही. तेवढे दिवस तुम्ही इकडे येऊन राहाल का? पत्र लिहायचं खरं कारण हेच, वरचं सगळं धीर गोळा करायला लिहिलं. पेपर संपले की तुम्ही म्हणाल त्यावर बसून बोलू, आणि त्या वेळी मी "हो वन्सं" म्हणणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

ता. क. तिसरा. बाबा आपल्याला ओळखतील का, हे तुम्ही कधी विचारत नाही, पण तेवढ्यासाठीच तुम्ही येणं टाळता असं मला वाटतं. ओळखतील की नाही हे मला सांगता येणार नाही. एवढं सांगते. तुम्ही कॉलेजला त्यांच्याच बसने जायचात ना? रोज बसमध्ये चढलं की ते खिडकीशी बसतात आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकतात. कुणी बसायला आलं की म्हणतात, ही जागा धरलीय, माझी मुलगी चढणार आहे पुढच्या स्टॉपवर, कॉलेजला जायचंय तिला. मी एकदा विचारलं, तोवर मी बसू का? नको म्हणाले, ती येईलच एवढ्यात. मग प्रत्येक स्टॉपला ते दाराकडे बघतात, ती जागा कॉलेजपर्यंत रिकामी जाते, आणि मी शेजारी दांडा धरून उभी असते. एकदा येऊन बसा हो तिथे.